ट्रॅक डेला स्वतःची गाडी नेताय? आधी पॉलिसीचं हे कलम वाचा

‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ पॉलिसी आहे, म्हणजे काळजी नाही, असं समजून बुद्ध सर्किट किंवा कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर गाडी उतरवणं महागात पडू शकतं. भारतातल्या खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी त्यातून वगळलेली असते.

ट्रॅक डे ही शर्यत नाही, असा युक्तिवाद करता येतो. पण ‘वेगाची चाचणी’ हे शब्द विमा कंपनीच्या हाताशी असतातच. झिरो डेप घेतलं तरी हा प्रश्न सुटत नाही, कारण अ‍ॅड-ऑन मूळ पॉलिसीच्याच अटींवर चालतं.

ब्रिटनमध्ये एका दिवसाची खास ट्रॅक डे पॉलिसी मिळते. तिथेही नुकसानीचा पहिला हिस्सा, अनेकदा गाडीच्या किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत, मालकालाच भरावा लागतो.

खरी मेख कर्जाची. गाडी भिंतीवर आदळून भंगारात गेली, तरी बँकेचे हप्ते थांबत नाहीत. त्यामुळे विमा कंपनीकडून आधी लेखी उत्तर घ्यावं. एजंटचं फोनवरचं ‘होऊन जाईल’ क्लेमच्या वेळी कामी येत नाही. उत्तर ‘नाही’ आलं, तर हप्ते फिटलेली आणि गमावली तरी झेपेल अशीच गाडी ट्रॅकवर न्यावी.