जुन्या ग्राफिक्स कार्डाचे मोल कोण ठरविणार?

'बाजार ठरवील तीच न्याय्य किंमत' हे भांडवलशाहीचे जुने पालुपद आहे. ते किती पोकळ आहे हे पाहण्यासाठी पोलाद वा साखरेच्या हिशेबात शिरण्याचे कारण नाही. संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटविणारे, आरेखन, चित्रपट-संपादन व यंत्रशिक्षण यांसाठी विद्यार्थ्यांना आणि तंत्रकामगारांना आज आवश्यक झालेले ग्राफिक्स कार्ड जुने म्हणून विकावयास निघते, तेव्हा त्याला कोणता भाव लावला जातो, एवढे पाहिले तरी पुरे.

एनव्हिडिया कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० हे कार्ड ६९९ डॉलरना जाहीर केले. त्या भावाने ते फारच थोड्यांच्या हाती पडले. साठेबाजांनी आणि आभासी चलनाचे 'खनन' करणाऱ्यांनी माल उचलला. २०२१ मध्ये वापरलेली कार्डेही जाहीर किमतीहून कितीतरी अधिक भावाने विकली गेली. जुनी वस्तू नव्याहून महाग! कार्डाच्या उपयोगमूल्यात कवडीचीही भर पडली नव्हती. वाढला होता तो केवळ सट्टा. पुढे १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या चलनाने खननाची पद्धतच सोडून दिली आणि अहोरात्र राबविलेली कार्डे जुन्या बाजारात ओतली गेली. नफा खाऊन झाला होता. उरलेली झीज सामान्य ग्राहकाच्या माथी मारावयाची होती.

उत्पादक या प्रकारापासून अलिप्त होते असे म्हणता येत नाही. खननामुळे वाढलेल्या उत्पन्नाची पुरेशी माहिती गुंतवणूकदारांना न दिल्याचा ठपका अमेरिकेच्या रोखे आयोगाने मे २०२२ मध्ये याच कंपनीवर ठेवला. ठपका मान्य वा अमान्य न करता कंपनीने ५५ लाख डॉलर दंड भरण्याचे कबूल केले. २०२१ मध्ये तर पडद्याला जोडण्याची सोयच नसलेली खास खननकार्डे तिने काढली. खनन संपताच विद्यार्थ्याला त्यांचा उपयोग तो काय? वस्तूचे दुसरे आयुष्य कारखान्यातच कापून टाकण्याचा हा प्रकार नव्हे काय?

मग न्याय्य किंमत कोणती? 'इतके मोजले होते' हे विक्रेत्याचे गणित येथे टिकत नाही. एप्रिल २०२३ मध्ये जवळपास तेवढेच काम करणारे आरटीएक्स ४०७० हे नवे कार्ड ५९९ डॉलरना आले. त्याची स्मृती १० ऐवजी १२ गिगाबाइट आणि विजेची भूक ३२० ऐवजी २०० वॅट. जुन्या ३०८० ची कमाल मर्यादा त्याच दिवशी ठरली. तेवढेच काम करणाऱ्या नव्या कार्डाची, तुटवड्यातली नव्हे तर जाहीर झालेली किंमत हा आरंभ. तीतून संपलेली हमी, जादा वीज, झिजलेले पंखे आणि वाळलेला उष्णतावाहक लेप यांची वजावट. उरेल ते मोल.

ज्या कामगाराने स्वतःच दुप्पट पैसे भरले त्याने तोटा का सोसावा, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचा तोटा खरा आहे. परंतु तो विक्रीच्या दिवशी होत नाही, साठेबाजाला पैसे मोजले त्याच दिवशी झालेला असतो. तो पुढच्या गरजवंताकडून वसूल करणे म्हणजे लुटीची साखळी आपल्याच हाताने लांबविणे होय.

भारतात नव्या कार्डावर १८ टक्के वस्तू व सेवा कर पडतो. म्हणूनच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये जुने कार्ड शोधणारा बहुधा तोच असतो, ज्याला नवे परवडत नाही. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांच्या मागणीने स्मृतिचिपांचे भाव पुन्हा चढले. त्यामुळे हा प्रश्न मागे पडलेला नाही.

हमी पहिल्या ग्राहकाबरोबर नव्हे, वस्तूबरोबर चालली पाहिजे. खनन व दुरुस्ती यांची माहिती विक्रेत्याने लेखी देणे बंधनकारक झाले पाहिजे. हे कायद्याने होईपर्यंत विद्यार्थी व कामगार संघटनांनी स्वतःची भावपत्रके काढावीत आणि पैसे देण्यापूर्वी पूर्ण भाराखाली कार्ड तपासून देणारी केंद्रे चालवावीत. मोल ठरविण्याचा अधिकार वापरणाऱ्याने हाती घेतला नाही, तर सट्टेबाज तो सोडणार नाहीत.