भंडारदऱ्याच्या काठाचे यजमान

शेंडीहून लाँचने रतनवाडीकडे जाताना एका अंगास कळसूबाईचे शिखर आणि समोर रतनगड व त्याचा खुट्टा ज्याने पाहिला आहे, त्याला भंडारदऱ्याची महती निराळी सांगावयास नको; आणि मुंबई-नाशिकच्या गजबजाटात कोंडलेल्या माणसाने सुटीचे दोन दिवस या काठावर येऊन काढावेत, यात मला तरी वावगे काही दिसत नाही. वावगे आहे ते एवढेच, की येणारा या पाण्याला निसर्गाने घडविलेले सरोवर समजतो, आणि सरकार येणाऱ्याला उपद्रव समजते.

प्रवरा अडवून बांधलेले हे दगडी धरण १९२६ साली पुरे झाले आणि त्यास गव्हर्नर विल्सन यांचे नाव मिळाले. त्यात साठणारे सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी, संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कालव्यांनी, खालच्या सपाटीवरील उसाला पोचते. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी लोणी येथे उभारलेला सहकारी साखर कारखाना याच पाण्याच्या आधाराने वाढला. ज्या खोऱ्याची जमीन त्यापायी बुडाली, तेथील महादेव कोळी व ठाकर कुळे मात्र डोंगरउतारावर नाचणी-वरईची शेती करीत राहिली. जलाशय श्रावणाच्या सुमारास तुडुंब भरतो आणि मग कालव्यांना पाणी सोडण्याच्या प्रत्येक आवर्तनासरशी उतरत जातो, त्यामुळे त्याचा काठ कधीच एका जागी राहत नाही. काल पाय बुडविला तेथे आज ओला गाळ असतो, आणि गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकावे तो तळाचा जुना बांध किंवा ओघळ संपून माणूस डोक्याएवढ्या पाण्यात जातो. वरून शांत दिसणाऱ्या या पाण्याचा तळ कोणत्याही फलकावर लिहिता येणार नाही. तो ठाऊक असतो तो नावाड्याला आणि जाळे टाकणाऱ्या कोळ्याला.

असे असता आपला शासकीय उपाय कोणता? दरवर्षी पावसाळा तोंडावर आला की जिल्ह्याजिल्ह्यांतून मनाईहुकूम निघतात, नाक्यावर बंदोबस्त बसतो आणि हंगाम सरला की सारे विस्मरणात जाते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हाही आधी हळहळ आणि मागोमाग निर्बंध हाच क्रम झाला. हुकूम निघू नयेत असे माझे म्हणणे नाही. परंतु हुकमाची बजावणी करणारा शिपाई सायंकाळी परत जातो, आणि काठावरच्या पर्यटकांच्या तंबूंचा मुक्काम रात्रभर असतो.

मेअखेरीस भंडारदऱ्याच्याच परिसरात काजव्यांनी लखलखणारी झाडे पाहण्यास लोटणारी गर्दी पाहावी. नर काजवा प्रकाशाच्या ज्या खुणेने मादीला साद घालतो, ती खूण मोटारींच्या दिव्यांच्या झोतात बुडून जाते, आणि झाडाखालच्या ज्या ओल्या मातीत पुढली पिढी वाढावयाची ती पायदळी तुडविली जाते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात हे घडावे, याचे मला फार दुःख होते.

म्हणून माझी मागणी अशी, की या काठाची राखण काठावरच्या गावांकडे रीतसर सोपवावी. रतनवाडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, साम्रद येथील ग्रामसभांनी तंबूंच्या जागा ठरवाव्यात व मुक्कामाचा कर आकारावा. पाण्यात उतरण्याच्या जागा त्या त्या आठवड्याची पातळी पाहून नावाड्यांनीच खुणेच्या दोऱ्यांनी आखाव्यात, आणि त्यांना जीवरक्षणाचे शिक्षण देऊन बारमाही पगारावर नेमावे. काजव्यांच्या दिवसांत वाहने गावाबाहेर थांबवून पुढची वाट पायी करावयास लावण्याचा अधिकारही ग्रामसभांनाच द्यावा. पाटबंधारे खात्याने आवर्तनाची आगाऊ वर्दी, आज ती खालच्या कालव्यावरील बागायतदारांना जशी मिळते, तशीच या गावांनाही लेखी द्यावी; आणि महसूल व वन या दोन्ही खात्यांनी हद्दीचा वाद बाजूस ठेवून येत्या पावसाळ्यापूर्वी एका गावात तरी याचा आरंभ करावा. रतनवाडीस अमृतेश्वराच्या दर्शनाला लोक पूर्वीपासून येतातच, तेव्हा आरंभ तेथूनच व्हावा.