रुपयाचे चिन्ह आणि दुकानाची पाटी

आठवड्याच्या बाजारात भाजी विकणारी बाई काळ्या पाटीवर खडूने भाव लिहिते. प्रथम एक आडवी रेघ, तिच्याखाली दुसरी, मग एक अर्धगोल वळण आणि खाली उजवीकडे उतरणारा तिरपा पाय. चार फटकाऱ्यांत रुपयाचे चिन्ह उमटते, आणि पुढे आकडा. २०१० सालापूर्वी हे चिन्ह मुळी अस्तित्वातच नव्हते, असे आजच्या बारा वर्षांच्या मुलास सांगितले तर त्याला ते खरे वाटणार नाही. एखादी आकृती एवढ्या अल्पकाळात लोकांच्या हातात रुळावी, ही सामान्य गोष्ट नव्हे.

त्यापूर्वी मराठीत ‘रु.’ असे लिहीत आणि इंग्रजीत त्याचेच रोमन अक्षरांतील रूप वापरीत. पण रुपया हे नाणे केवळ भारताचे नाही. पाकिस्तान, नेपाळ व श्रीलंका या देशांतही रुपयाच चालतो. त्यामुळे ‘रु.’ म्हणजे नेमका कोणाचा रुपया, हे त्या दोन अक्षरांवरून कळत नसे. डॉलर, पौंड, येन आणि युरो यांना मात्र स्वतःची चिन्हे होती. म्हणून भारत सरकारने २००९ साली सर्व नागरिकांसाठी खुली स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांहून अधिक आकृत्या आल्या, त्यांतून पाच निवडल्या गेल्या आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यांपैकी एकीस मान्यता दिली. ती होती डी. उदयकुमार यांची. मूळचे तमिळनाडूचे असलेले उदयकुमार त्या वेळी मुंबईच्या आय. आय. टी.त आकृतिरचनेचा अभ्यास करीत होते.

त्यांनी काय केले, हे नीट पाहण्याजोगे आहे. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ ही दोन अक्षरे त्यांनी शेजारी ठेवली. रोमन अक्षराचा डावीकडील उभा दांडा काढून टाकला की जे उरते, ते ‘र’च्या फार जवळ येते. म्हणजे येथे नवे काही जोडण्यापेक्षा जुने काही वगळण्यातच चातुर्य होते. वरची रेघ ही आपली शिरोरेखा होय. तिच्याखालची दुसरी रेघ आली, तेव्हा दोन रेघांमधील मोकळ्या जागेने तिरंग्याच्या पट्ट्यांचा भास उत्पन्न झाला, आणि गणितातील बरोबरीचे चिन्हही त्यात दिसू लागले. विशेष असे की, उदयकुमार यांच्या मातृभाषेच्या लिपीला शिरोरेखा नाही. जी रेघ मराठी मुले पहिल्या इयत्तेपासून गिरवतात आणि म्हणूनच कधी पाहत नाहीत, ती बाहेरून आलेल्या डोळ्यांना चटकन दिसली असावी!

या रेघेचा मान आपल्याकडे पूर्वी मोठा होता. मोडी लिहिणारे कारकून कागदावर आधी आडव्या रेघा ओढून घेत आणि मग अक्षरे त्यांना टांगल्याप्रमाणे लिहीत जात. चिन्हांचे महत्त्वही आपल्या पूर्वजांस ठाऊक होते. शिवाजी महाराजांच्या पत्राच्या आरंभी अष्टकोनी राजमुद्रा असे आणि मजकूर संपताच मर्यादेची लहान मुद्रा उमटत असे, म्हणजे तिच्याखाली कोणास काही घुसडता येऊ नये. पहिला तो शिक्का आणि दुसरे ते मोर्तब. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आजही वापरतो. ज्यास हल्ली ‘ब्रँड’ म्हणतात, त्या इंग्रजी शब्दाचे मूळ तर जनावरांस डाग देऊन मालकीची खूण करण्यात आहे. मुद्रा काय किंवा डाग काय, दोन्हींचे सांगणे एकच: ही वस्तू कोणाची आणि तिच्याबद्दल जबाबदार कोण. चांगल्या चिन्हाने वाईट माल चांगला होत नाही, हे मात्र गिऱ्हाइकाने विसरू नये. पुष्कळ कारखानदार मालाकडे दुर्लक्ष करून चिन्हावरच पैसा ओततात, ही या विद्येची काळी बाजू आहे.

परंतु तेवढ्यामुळे ही विद्याच क्षुद्र मानणे योग्य होणार नाही. उलट तिची उणीव कोठे जाणवते, हे पाहायचे असेल तर कोणत्याही गावाच्या मुख्य रस्त्याने एक फेरी मारावी. महाराष्ट्रात २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन लहान दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि देवनागरी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान असता कामा नयेत, असेही ठरले. हा कायदा हवाच होता. पण कायदा अक्षराची उंची ठरवू शकतो, अक्षराचा घाट ठरवू शकत नाही. पाटी रंगवणारा पेंटर पूर्वी दोरीला खडू लावून भिंतीवर सरळ रेघ उमटवी आणि मग प्रत्येक अक्षर जागेच्या मानाने लहानमोठे, जाडबारीक करी. आता संगणकावर नाव टंकले जाते, चौकट भरावी म्हणून ते आडवे किंवा उभे ताणले जाते आणि फ्लेक्सवर छापून बाहेर पडते. ताणलेल्या अक्षरात दांडा जाड होतो व शिरोरेखा सुतासारखी बारीक राहते. कोठे मात्रा कापली जाते, कोठे वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. शाळेत मुले पाकळीचा ‘ल’ गिरवतात. महाराष्ट्र शासनाने २००९ साली तोच मराठीसाठी ठरवून दिला आहे. पाटीवर मात्र हिंदी वळणाचा ‘ल’ दिसतो. त्याच पाटीवरील इंग्रजी नाव बहुधा नीटनेटके असते. एकाच दुकानदाराने एका लिपीची काळजी वाहावी आणि दुसरी, जी त्याच्या घरची आहे, ती कशीबशी उरकावी, हे पाहून खेद झाल्यावाचून राहत नाही.

साधनांची वाण आहे, असे म्हणावे तर तेही खरे नाही. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावे अशा अक्षरांत रेखाटली की, नाटकाचा भाव वाचण्याआधी डोळ्यांना कळावा. २०२० साली ते गेले. त्यांची अक्षरे नाटकांच्या जुन्या जाहिरातींतून आजही पाहता येतात. र. कृ. जोशी यांनी मुंबईत विद्यार्थ्यांना अक्षररचना शिकवली आणि संगणकासाठी ‘मंगल’ हे अक्षरवळण घडवले. ‘एक टाइप’ या मुंबईतील संस्थेचे ‘मुक्त’ हे वळण तर कोणालाही विनामूल्य वापरता येते. ते बारीकापासून ठळकापर्यंत सात जाडींत मिळते, तेव्हा अक्षर जाड करण्यासाठी त्यास ताणण्याचे कारणच उरत नाही.

परदेशी कंपन्यांची चिन्हे सुबक असतात आणि ती अवश्य पाहावीत. परंतु त्यांतून घ्यायची ती कामाची रीत. त्यांचा आकार उचलून आणल्याने आपल्या हाती केवळ उसनी वस्तू येते. युरोचे चिन्ह घडवणारे ग्रीक लिपीतील ‘एप्सिलॉन’कडे गेले. पौंडाचे चिन्ह लॅटिन भाषेतील ‘लिब्रा’ या शब्दाच्या आद्याक्षरातून आले. आपापल्या जुन्या अक्षरांकडे जाण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मग ‘अन्नपूर्णा भोजनालय’ अशी पाटी लावणाऱ्यास ‘अ’च्या गोलाईत वाटी का दिसू नये? ‘ळ’ हे अक्षर तर नुसते पाहतच राहावे असे आहे. दोन वाटोळी पोटे आणि मधोमध दांडा! एखाद्या फळवाल्याने किंवा गुऱ्हाळवाल्याने हा ‘ळ’ आपल्या पाटीवर मोठा करून अजून का मिरवला नाही, याचे नवल वाटते.