शब्द दिला, पण प्रवेश?

मराठीत शब्दाला मोठी किंमत आहे. आपण शब्द देतो, शब्द पाळतो, आणि कुणी तो मोडला तर जन्मभर लक्षात ठेवतो. तरीही लग्नकार्यात आपले वाडवडील सावध असत. बोलणी झाली, सुपारी फुटली, तरी अक्षता पडेपर्यंत त्यांच्या जिवाला स्वस्थता नसे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना या सावधपणाची आठवण करून द्यावी, असा प्रसंग आता बेसबॉलच्या निमित्ताने येऊ लागला आहे.

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा मुलगा चेंडूफेक उत्तम करतो. एका नामांकित कॉलेजच्या प्रशिक्षकाने त्याला 'घेतो' म्हणून सांगितले आणि चिरंजीवांनी होकार दिला. "दादा, आता अभ्यासाची काळजी मिटली ना?" असे तिने मला विचारले. मी पडलो मराठीचा मास्तर. बेसबॉलमधले मला ओ की ठो कळत नाही. पण प्रवेशसमितीच्या टेबलामागे मी पुष्कळ वर्षे बसलो आहे. तिकडचे नियम वाचून काढले आणि तिला कळवले, की काळजी मिटलेली नाही, ती आताच सुरू झाली आहे.

प्रकार असा आहे. पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांचे बेसबॉल प्रशिक्षक अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपासून मुलांशी भरतीची बोलणी करू शकतात. हा नियम २०२३ साली आला. त्यापूर्वी आठवी-नववीतली पोरेही शब्द देऊन मोकळी होत. हा शब्द निव्वळ तोंडी असतो. तो मुलालाही बांधत नाही आणि कॉलेजलाही नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात!

त्यातून कॉलेज हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्या पंक्तीतले असेल, तर गोष्ट आणखी नाजूक होते. 'आयव्ही लीग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या आठ विद्यापीठांत खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. मदत मिळते ती घरची गरज पाहून. खेळाडूचे शाळेतले गुण आणि चाचणीचे गुण मिळून एक 'शैक्षणिक निर्देशांक' काढतात आणि तो पाहिल्याशिवाय पुढची पायरी नाही. प्रशिक्षक शिफारस करतो, निर्णय प्रवेशकचेरी घेते. तिचे भरवशाचे लेखी पत्र येते ते लवकरात लवकर बारावीच्या १ ऑक्टोबरनंतर. म्हणजे शब्द आणि पत्र यांच्यामध्ये वर्षभराहून अधिक काळ जाऊ शकतो, आणि नेमके तेच अकरावीचे मोलाचे वर्ष असते! त्या वर्षी 'आपले ठरले आहे' म्हणून गणिताचा अवघड वर्ग सोडणारा मुलगा स्वतःच्या हाताने पत्र लांबवतो. चाचणीही टाळता येतेच असे नाही. डार्टमथने ती २०२४ साली पुन्हा सक्तीची केल्याचे जाहीर केले.

ॲमहर्स्ट, विल्यम्स यांसारख्या तिसऱ्या श्रेणीच्या पण अत्यंत निवडक कॉलेजांत रीत निराळी. तिथे अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात प्रशिक्षक मुलाची गुणपत्रिका प्रवेशकचेरीकडून आगाऊ वाचून घेतो. कौल बरा आला, तर नोव्हेंबरमध्ये बांधील अर्ज भरायचा. हा अर्ज मात्र खरोखरीच बांधतो. प्रवेश मिळाला की इतर कॉलेजांचे अर्ज मागे घ्यावे लागतात. म्हणून खर्चाचा आणि मदतीचा अंदाज आधी काढावा. कॉलेजच्या संकेतस्थळावर त्याचा हिशोब मांडून मिळतो. वडिलांनी एक संध्याकाळ त्यासाठी बाजूला ठेवावी.

प्रशिक्षकाला प्रश्न विचारायला आपली माणसे संकोचतात. संकोच करू नये. माझी गुणपत्रिका प्रवेशकचेरीने पाहिली आहे का? गेल्या वर्षी तुम्ही शिफारस केलेल्या किती मुलांना प्रवेश मिळाला? संघातली किती मुले अभियांत्रिकी किंवा वैद्यकपूर्व अभ्यासक्रम घेतात? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. पहिल्या श्रेणीत एका मोसमात ५६ सामन्यांपर्यंत खेळता येते. मोसम फेब्रुवारीच्या मध्यास सुरू होतो, प्रवास लांबचे, आणि प्रयोगशाळेचे तास बहुधा दुपारी, सरावाच्याच वेळी. ज्याला रसायनशास्त्र शिकायचे आहे त्याने हे आधीच विचारलेले बरे.

मो बर्ग नावाचा एक खेळाडू होऊन गेला. १९२३ साली तो प्रिन्स्टनचा पदवीधर झाला. आधुनिक भाषा हा त्याचा विषय. शिवाय लॅटिन, ग्रीक आणि आपली संस्कृतही तो तिथे शिकला. त्याच वर्षी तो ब्रुकलिनच्या व्यावसायिक संघात दाखल झाला आणि १९३९ पर्यंत खेळला. मधल्या काळात त्याने कोलंबियातून कायद्याची पदवी मिळवली, आणि दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या हेरखात्यात गेला. फलंदाज म्हणून तो बेताचाच होता. पण बॅट खाली ठेवल्यावरही त्याच्यापाशी पुष्कळ काही उरले.

सगळ्यांनाच मो बर्ग होता येणार नाही. पण चेंडूफेक करणाऱ्याचे कोपर कधी दगा देईल, याचा नेम नसतो. म्हणून होकार देण्यापूर्वी मुलाला घरात शांतपणे विचारावे, "बाळ, उद्या खेळता आले नाही, तरी या कॉलेजात चार वर्षे आनंदाने शिकशील ना?" उत्तर 'हो' असेल, तर त्याने खुशाल शब्द द्यावा आणि त्याच रात्री गणिताचे पुस्तक उघडावे.