जंगल वाचवायचे, पण कुणाच्या पोटावर पाय देऊन?

ॲमेझॉन पेटल्याच्या बातम्या आल्या की आपल्याकडचे पर्यावरणप्रेमी लगेच आरोपी ठरवतात: वर्षावनात वसाहत करून राहणारा छोटा शेतकरी. तो तिथे पोहोचला कसा, हे कोणी विचारत नाही.

ब्राझीलने 1850 मध्ये कायदा केला: सरकारी जमीन यापुढे विकतच मिळेल. 1888 मध्ये गुलामगिरी संपली. माणूस मोकळा झाला, पण जमिनीला कुलूप आधीच लागले होते. 1970 च्या दशकात लष्करी राजवटीने ईशान्येकडच्या दुष्काळी पट्ट्यातील भूमिहीनांना ॲमेझॉनमध्ये धाडले. बड्या जमीनदारांच्या जमिनीला हात लावायचा नव्हता ना! तेव्हा जंगल तोडणे हाच जमीन कसल्याचा पुरावा होता. आज तेच राज्य सांगते, 80 टक्के जंगल राखा.

राखलेच पाहिजे. छोटा शेतकरीही झाडे तोडतो, हेही खरे. पण का तोडतो? भांडवल नाही, धड रस्ता नाही. दोन-तीन पिकांत जमीन थकते, मग तो पुढचा तुकडा जाळतो. शेवटी भूखंड गुरेवाल्याला विकून आणखी आत सरकतो. ॲमेझॉनच्या तोडलेल्या जमिनीवर सर्वाधिक कुरणेच आहेत. फायदा कुणाचा झाला?

बाबासाहेबांनी 1918 मध्येच लहान शेतजमिनींवरील निबंधात सांगितले होते: प्रश्न नुसत्या तुकड्याच्या आकाराचा नाही, त्यावर लागणाऱ्या भांडवलाचा आहे. भांडवल न देता 80 टक्क्यांची अट घालणे म्हणजे संवर्धनाचा खर्च गरिबाच्या माथी मारणे.

आणि जंगल खरोखर वाचवले कोणी? रबराचा चीक काढणाऱ्या कामगारांचे नेते चिको मेंडिस यांनी. 1988 मध्ये त्यांचा खून झाला. अनापूच्या वसाहतीत जंगल राखून शेती करणाऱ्या गरिबांसोबत उभ्या राहिलेल्या सिस्टर डोरोथी स्टँग यांना 2005 मध्ये गोळ्या घातल्या. दोन्ही खुनांमागे जमीन बळकावणारे होते.

साथींनो, हे दूरचे दुखणे समजू नका. आपल्या 2006 च्या वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्या वननिवासीला तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्यांना पिढ्यानपिढ्या कागदापासून दूर ठेवले, त्यांच्याकडेच कागद मागायचा!

म्हणून 'जंगल की शेतकरी' या खोट्या भांडणात पडू नका. मागणी एकच ठेवा: हक्काची जमीन, सोबत भांडवल आणि जंगलाच्या कारभारात वाटा. हे द्या, मग जंगलाचा हिशेब मागा.

जय भीम!