दोष ट्रान्सफॉर्मरचा नव्हे, तारेचा



बागेतले 12 व्होल्टचे शेवटचे दिवे मंद पडले की मोठा ट्रान्सफॉर्मर बसवा, हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला वाचकांना नाहक खर्चात पाडेल. ट्रान्सफॉर्मरवर जास्त भार असेल तर गोष्ट वेगळी. एरवी वॉट वाढवल्याने व्होल्ट वाढत नाहीत. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून 30 मीटरवर 5 अँपिअर नेले, तर जाऊन-येऊन साडेतीन व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. घरातल्या 230 व्होल्टमध्ये एवढी घट कळतही नाही. 12 मध्ये ती चौथ्या हिश्शाहून जास्त. तीच तार 4 चौरस मिलिमीटरची घेतली की घट दीड व्होल्टच्या आत येते.

तेव्हा आधी दिवे चालू ठेवून मीटरने ट्रान्सफॉर्मरपाशी आणि मग शेवटपर्यंत प्रत्येक दिव्यापाशी व्होल्टेज मोजावे. (ट्रान्सफॉर्मर इलेक्ट्रॉनिक असेल तर साध्या मीटरवर विसंबू नये.) मधेच एकदम घट दिसली तर तिथला जोड उकरावा. नुसती टेप गुंडाळलेला जोड पावसाळ्यात हिरवा पडतोच. तो कापून जेल भरलेला जलरोधक कनेक्टर घालावा. आणि हो, उकरण्यापूर्वी मेन स्विच बंद!

– एक वाचक, पुणे