पिवळा रंग आणि तांबड्या पेशी



मुचकुंदी नदी जेथे समुद्रास मिळते, त्या पूर्णगडात माझ्या मेहुण्यांचे किराणा दुकान आहे. चौदा वर्षांचा मधुमेह, पण हिशेब अजूनही स्वहस्ते लिहितात. गेल्या वर्षी त्यांच्या खतावणीत 6 चे 8 होऊ लागले. रत्नागिरीच्या नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यांची अँजिओग्राफी सुचविली. त्यावर त्यांचा मला दूरध्वनी आला, "दाजी, शिरेतून रंग सोडतात म्हणे. साखरेने आधीच नासलेल्या रक्तपेशी त्याने आणखी बिघडल्या तर?"

शंका पोरकट नव्हती. मी वाणिज्य शाखेचा मनुष्य. तरीही ओळखीच्या डॉक्टरांकडून समजून घेतले, ते येथे मांडतो.

या रंगाचे नाव फ्लुरेसीन. अडॉल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो 1871 मध्ये तयार केला. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या नोव्हॉटनी व अल्विस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी मानवी डोळ्यातील रक्ताभिसरणाची छायाचित्रे त्याच्या साहाय्याने घेण्याची पद्धत 1961 मध्ये प्रसिद्ध केली. दंडाच्या शिरेत दिलेला रंग दहा-पंधरा सेकंदांत नेत्रपटलात पोहोचतो, निळ्या प्रकाशात हिरवट-पिवळा चमकतो आणि केशवाहिन्या कोठे पाझरतात, कोठे बंद पडल्या आहेत, हे दाखवितो.

आता तांबड्या पेशींचा विचार. ही पेशी सुमारे सात-आठ मायक्रॉन रुंद असते. काही केशवाहिन्या तिच्याहूनही अरुंद असल्याने तिला अंग दुमडून वाट काढावी लागते. तिचे आयुष्य साधारण 120 दिवसांचे. रक्तात साखर अधिक राहिली की ती पेशीतील हिमोग्लोबिनला चिकटते. एचबीएवनसी ही चाचणी तेच मोजते. अशा रक्तात पेशींचा लवचिकपणा घटतो, त्या एकमेकींस चिकटू लागतात आणि नाजूक वाहिन्यांतील प्रवाह मंदावतो. म्हणूनच रंगाने हा ताठरपणा वाढतो काय, हा प्रश्न अभ्यासकांनाही पडला.

येथे थोडे गणित करू. सामान्य मात्रा 500 मिलीग्रॅम, म्हणजे अर्धा ग्रॅम. प्रौढाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. म्हणजे लिटरमागे 100 मिलीग्रॅम. त्यातील बहुतांश रंग रक्तद्रवातील अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधला जातो; थोडा अंश तांबड्या पेशींनाही चिकटतो. यकृत त्याचे रूपांतर करते आणि मूत्रपिंडे तो साधारण 24 ते 36 तासांत बाहेर टाकतात. पेशीशी त्याची गाठ एक-दीड दिवसाची. साखरेची मात्र तिच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतची. एक दिवसाची उचल आणि चौदा वर्षांचे थकीत व्याज यांत कशाने खाते बुडते, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको.

याचा अर्थ चाचणी निर्धोक आहे असा नव्हे. काहींना क्षणभर मळमळते, क्वचित अंगावर पित्त उठते आणि अतिविरळ प्रसंगी तीव्र ॲलर्जीने जीवावर बेतू शकते. म्हणून दमा, पूर्वीची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असल्यास ते आधीच सांगावे. त्वचा काही तास पिवळसर आणि लघवी दिवसभर गडद पिवळी राहते, घाबरू नये. रंग अंगात असताना रंगावर वा प्रकाशावर आधारलेल्या रक्त-लघवीच्या चाचण्या चुकीचे आकडे देऊ शकतात. त्या तीन-चार दिवस पुढे ढकलाव्यात अथवा प्रयोगशाळेस कल्पना द्यावी. तसेच निर्जळ उपवासाच्या दिवशी ही तपासणी ठेवू नये. नंतर पाणी भरपूर प्यावे लागते.

प्रत्येक मधुमेही रुग्णास ही चाचणी लागतेच असेही नाही. अलीकडे ओसीटी अँजिओग्राफीत रंगच लागत नाही. वाहत्या तांबड्या पेशींच्या हालचालीवरूनच वाहिन्यांचा नकाशा उमटतो. मात्र पाझर कोठे आहे, हे ती दाखवीत नाही. कोणती तपासणी हवी, हे तज्ज्ञच ठरवितील.

मेहुणे अखेर तयार झाले. मीही सोबत गेलो. त्या रात्री पिवळी लघवी पाहून त्यांनी मला उठविले, एवढाच त्रास. चित्रांत दोन्ही डोळ्यांतील पाझर दिसला आणि लेसर उपचार झाले. उजवा डोळा सावरला. डाव्याची गेलेली दृष्टी मात्र परत आली नाही. नंतर उमगले, की पडदा तपासून घ्या असे त्यांना दोन वर्षांपूर्वीच सांगितले होते. "सीझन उरकू दे" म्हणून ते राहून गेले होते. रंगाच्या भीतीपेक्षा त्या दोन वर्षांची किंमत मोठी ठरली.

आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10.1 कोटी मधुमेही आहेत. आपल्या पेढ्यांवर आणि दुकानांतही ते बसले आहेत. मार्चअखेरीचा ताळेबंद आपण कधी चुकवीत नाही. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासून घेणे, ही नोंदही त्याच वहीत घालावी. दिसत असतानाच जावे. कारण प्रारंभी हा विकार काहीच जाणवू देत नाही.